सरदारांचा सोनेरी बाण

बिल्डर रंगराव खटपे नावाआधी 'सरदार' लावत. कोष्टी आळीतली जुनी विहीर त्यांनी बुजवली आणि वर म्हणाले, "इथे विहीर नव्हतीच!" आख्खी आळी तिचं पाणी प्यायलेली, पण नगरपालिकेला कागद हवा.

सुनावणीत फ्रेमवाल्या सिंधूताई गाणार यांनी आळीच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या चित्राची छापील नक्कल मांडली. मधोमध विहीर, भोवती घरं.

रंगराव हसले. "कुण्या गोऱ्या साहेबानं बसल्या जागी मनानं काढलेलं चित्र! यातलं एक घरही खरं नाही."

"लिहून द्याल?"

"आत्ता देतो!" रंगरावांनी तिथंच लिहून झोकात सही ठोकली.

सिंधूताईंनी कागद मुख्याधिकाऱ्यांपुढे सरकवला. "साहेब, हेच चित्र यांच्या ऑफिसात लावलंय. विहिरीला लागून जो वाडा दिसतोय ना, त्यावर यांनी माझ्याकडूनच सोनेरी बाण काढून घेतला, 'सरदार खटप्यांचा मूळ वाडा' म्हणून." मग त्या रंगरावांकडे वळल्या. "आता वाडाच खोटा, तर बाण पुसायला कधी येऊ? आणि दारावरच्या पाटीतलं 'सरदार'ही त्याच फेरीत खरवडून टाकू का?"

रंगरावांनी घाम पुसला. विहीर त्यांना जागच्या जागी आठवली.