कुठल्याच यादीत नसलेली कोंडाबाई

ही गोष्ट इतकी जुनी, की तेव्हा मी पाळण्यातसुद्धा नव्हतो. त्यामुळं गावाला बरीच शांतता होती.

गाव हिवरबेट. त्यात दोन आळ्या, वरची आणि खालची. पंचायतीची निवडणूक आली की वरची आळी कपबशीवर शिक्का मारायची आणि खालची छत्रीवर. उमेदवार कोण, ते कुणी विचारतच नसे. वरच्या आळीतली माणसं भर पावसात भिजत शेतावर जात, पण छत्री उघडत नसत. खालच्या आळीत पाहुण्याला चहा तांब्यातून मिळे, का तर घरात कपबशी नको. हसू नका. तुमच्या घरातही असलं एखादं खूळ असेलच, सांगू का?

मतदान नदीपलीकडच्या शाळेत होई. पूल नव्हता. होती कोंडाबाई भोईण आणि तिची नाव. नदीच्या मधोमध बेट, बेटावर तिची झोपडी. मतदानाच्या दिवशी ती आधी कपबशीवाल्यांना पलीकडं नेई, मग छत्रीवाल्यांना, कारण दोन्ही आळ्या एका नावेत बसत नसत. येताना सगळ्यांच्या बोटाला शाई असे. कोंडाबाईचं बोट तेवढं कोरं. तिचं नाव यादीतच नव्हतं. नावं लिहायला सरकारी माणूस आला, तेव्हा वरची आळी म्हणाली, ती खालची. खालची म्हणाली, ती वरची. सरकारी माणसानं वही मिटली आणि तो निघून गेला. ती कधी तक्रार करायची नाही. पण वल्हं मारताना एकेकाच्या बोटाकडं बघत राहायची, असं म्हणतात.

मग एका वर्षी ऐन मतदानादिवशी नदी फुगली. कोंडाबाई म्हणाली, "आज एकच खेप हुईल. यायचं तर समदे या." तेव्हा अख्खं गाव त्या एका नावेत मावलं, असं म्हणतात. खरं तर पंचवीस-तीस माणसं असतील, पण गोष्ट सांगताना कंजूषपणा करू नये.

मधल्या धारेत कोंडाबाईनं वल्हं आडवं ठेवलं. वरच्या आळीचे पुढारी दौलतनाना ओरडले, "अगं, बुडवतीस काय आम्हाला?"

"नाना, एक सांगा. माझं नाव कुठल्या आळीच्या यादीत हाय?"

"खालच्या. तुझं बेट त्यांच्याकडं सरकलेलं."

खालच्या आळीचे केरबाअण्णा ताडकन म्हणाले, "आमच्याकडं कुठलं? तुझ्या कोंबड्या तर ह्यांच्याच उकिरड्यावर असतात!"

"मग मी हाय तरी कुठं?"

नाना आणि अण्णा एकमेकांकडं बोट दाखवू लागले. शेवटी एक म्हातारी पुटपुटली, "नावेत हाय, बाई. आमच्यासंगंच."

आता ऐका. एवढा पूर, वल्हं आडवं, तरी नाव जागची हलली नाही, असं म्हणतात. माझा बाप म्हणायचा, अर्धा दिवस उभी होती. आई म्हणायची, एक विडी ओढून होईपर्यंत. दोघंही त्याच नावेत होते. बाप कपबशीचा, आई छत्रीची लेक, त्यांचं एकमत मला कधी ऐकायला मिळालं नाही. पण नाना आणि अण्णांनी नदीचं पाणी हातात घेऊन शपथ वाहिली, की पुढच्या यादीत कोंडाबाईचं नाव घालू, एवढ्यावर मात्र आईबापाचं जमायचं. शपथ झाली आणि नाव सरळ पैलतीराला लागली.

पुढची निवडणूक आली. कोंडाबाई धुतलेलं लुगडं नेसून शाळेत गेली. साहेबानं यादी चाळली आणि कपाळाला हात लावला. तिचं नाव दोनदा होतं! दोघा पुढाऱ्यांनी एकमेकांना न विचारता आपापल्या आळीत घातलं होतं. साहेब म्हणाला, "बाई, कुठलं खोडू?"

"कुठलंबी खोडा, साहेब. बोट मला एकच रंगवायचंय."

साहेबानं डोळे मिटून एक खोडलं. ती आत गेली, बाहेर आली. त्या वेळी कपबशी एका मतानं जिंकली. नाना मिशीला पीळ देत फिरले, "कोंडाबाय आमची." अण्णा म्हणाले, "छट्! तिनं छत्रीलाच दिलं. फुटला तो आमच्यातला कुणीतरी." तिला विचारलं तर ती नुसतं बोट वर करून दाखवायची.

त्या बोटाची शाई मरेपर्यंत गेली नाही, असं म्हणतात. नावेला डांबर फासणाऱ्या बाईचं बोट आणखी कुठल्या रंगाचं असणार? पण हे गावात बोलू नका, मला जेवायला कुणी बोलावणार नाही.

आता पूल झालाय. तरी निवडणुकीआधी दोन्ही आळ्या नदीकाठी जमतात. सगळी यादी मोठ्यानं वाचतात, आणि शेवटचं नाव झालं की वाचणारा हाक देतो, "कोण राहिलं?" तिला कोंडाबाईची हाक म्हणतात.

मी दर वेळी मागून ओरडतो, "माझी म्हैस राहिली!" लोक हसतात, शिव्या देतात. गेल्या खेपेला ते हसू ओसरलं, आणि माळावर नव्यानं राहायला आलेल्या मेंढपाळाची बायको हळूच म्हणाली, "मी राहिले."

कुणी विचारलं नाही, कुठल्या आळीची. तिचं नाव लिहून घेतलं, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.