खांद्यावरचं घर

फार जुन्या काळची गोष्ट. आपल्या समुद्रापलीकडे दुसरा समुद्र, आणि त्याच्याही पलीकडे मलय देश. तिथल्या किनाऱ्यावर कोळ्यांचं एक लहानसं गाव होतं. आटपाट नगर वगैरे काही नव्हतं, बरं का. वाळूत उंच खांबांवर उभी असलेली लाकडी घरं, वर झावळ्यांची छपरं, दारापुढे मासळी वाळत घातलेली, मग होड्या, आणि होड्यांपुढे समुद्र.

त्या समुद्राला एक खोड होती. तो किनारा खायचा. रोज नाही. एखादी पिढी अगदी शहाण्यासारखा गप्प बसायचा, आणि मग एका वादळात सगळी भूक भागवून घ्यायचा. गावाने त्याच्याशी कधी भांडण मांडलं नाही. समुद्र पुढे आला की घरं मागे जायची.

घरं कशी चालतील, असं विचाराल. सांगते. खांबांना आडवे बांबू बांधायचे, अख्ख्या गावाने खांदा लावायचा, आणि घर जसंच्या तसं उचलून मागे नेऊन ठेवायचं. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आतच बसून राही, जवळ विस्तवाचं मडकं घेऊन. घर चाललं तरी चूल विझू नये, असा रिवाज. आणि हे सगळं जमायचं, कारण प्रत्येक घरामागे त्या घराच्या हक्काचा एक रिकामा पट्टा होता, थेट टेकडीच्या पायथ्यापर्यंत. तिथे कुणी झाड लावत नसे, कुणी खुंटा ठोकत नसे. त्याला म्हणत मागचं अंगण.

या गावात जुसोह नावाचा कोळी होता. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. आईच्या डोळ्यांवर पडदा आलेला, पण कान असे तिखट की होडी लागली की कुणाची ते आवाजावरून सांगे. जुसोह मुळातच भित्रा. बाप पाण्यात गेला, तेव्हापासून भीती त्याच्या अंगाला मिठासारखी चिकटलेली. होडी लोटण्याआधी तो आकाश बघे, मग पाणी बघे, मग पुन्हा आकाश बघे.

समुद्र तेव्हा बरीच वर्षं गप्प होता. जुसोहच्या वयाच्या कुणीही घराला कधी खांदा लावला नव्हता.

एके दिवशी एका गलबतातून एक व्यापारी उतरला. रेशमी कपडे, डोक्यावर छत्री, बोलणं मधासारखं. शहाळ्याचं पाणी पीत पीत त्याने मागच्या रिकाम्या पट्ट्यांकडे बघितलं आणि विचारलं, ही माळरानं कुणाची. लोकांनी सांगितलं, आमची. तेव्हा तो हळहळला. म्हणाला, अरेरे, तुम्हाला ठाऊक नाही वाटतं? राजा खाडीच्या तोंडाशी बंदर बांधणार आहे. या किनाऱ्याला सोन्याचे दिवस येणार आहेत. पण राजाची माणसं मोजणीचे दोर घेऊन येतील, आणि जी जमीन रिकामी दिसेल ती राजाची म्हणून लिहून घेतील. आज मला द्याल तर बदल्यात काही मिळेल. उद्या नुसते हात चोळत बसाल.

बाकीचे हसले. जुसोहला मात्र घास गिळवेना. समुद्राची भीती जुनी होती, तिची सवय झालेली. ही नवी भीती ताजी होती, म्हणून जास्त टोचत होती. दोन-तीन दिवस तो राजाची माणसं दिसतात का म्हणून माळावरच्या वाटेकडे बघत राहिला. मग गुपचूप गेला आणि मागचं अंगण देऊन आला.

बदल्यात व्यापाऱ्याने त्याच्या घरावर लाल कौलं चढवून दिली. नवी जाड फळ्यांची भिंत दिली, नक्षीचं दार दिलं. आईने दारावरून हात फिरवला. हे कुठून आलं, तिने विचारलं. जुसोह म्हणाला, यंदा मासळी चांगली लागली.

आई म्हणाली, "इतकी? समुद्र उगाच उदार होत नाही रे."

शेजारचा देरामान थट्टेखोर माणूस. तो म्हणू लागला, "जुसोहची आई राणीसारखी कौलांखाली बसते. आमच्याकडे पाऊस छपरातून खाली येतो आणि विचारतो, जेवलात का?" लोक हसत, पण हसता हसता कौलांकडे बघत. आणि जुसोहला एकट्याने केलेल्या गोष्टीची भीती वाटू लागली. एकट्याने केलं तर ती चूक, सगळ्यांनी केलं की रीत. म्हणून तो स्वतःच दारोदार फिरला. राजाची माणसं पलीकडच्या गावात आली म्हणे, पट्टे गेले म्हणे, असं सांगत सुटला. देरामानने दिलं. मग एकामागून एक सगळ्यांनी दिलं. शेवटी उरला गावचा म्होरक्या. त्याला सगळे तोक म्हणत, म्हणजे आजोबा. तोक म्हणाला, चहूकडून दुसऱ्याची जमीन झाली तर माझ्या एकट्याच्या अंगणात जायला वाट कुठली? आणि त्यानेही देऊन टाकलं.

व्यापाऱ्याने टेकडीपर्यंत माडांची रोपं लावली. भोवती काटेरी बांबूचं कुंपण घातलं, कुंपणावर भालेवाले राखणदार उभे केले. राजाची माणसं काही आली नाहीत. बंदरही आलं नाही.

आले ते खेकडे.

त्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. घराखालच्या वाळूत खेकड्यांनी बिळं केली, म्हणजे पाणी आतून आलं. घर उचलायची वेळ झाली. जुसोहने पहिलं बीळ बघितलं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि पायाने वाळू लोटून ते बुजवलं. दुसऱ्या दिवशी तिथे बिळांची रांग होती. तीही बुजवली. मग रोज पहाटे तेच काम. पण खेकड्यांना कोण सांगणार? फळ्यांखाली त्यांची खुडखुड चालू राही.

आई म्हणे, "जुसोह, खाली खेकडे आले का रे?"

"कोंबड्या आहेत, आई."

"आपल्या कोंबड्या वाळू आतून उकरतात वाटतं," आई म्हणे.

एका पहाटे धुकं होतं. जुसोह वाळू लोटत होता, आणि शेजारच्या घराखालीही कुणीतरी वाकलेलं दिसलं. देरामान होता. त्याच्या हातात फावडं होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. देरामानला त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही. मग कळलं की पलीकडचाही बुजवतोय, तोकही बुजवतोय. सगळा गाव आपापली बिळं बुजवत होता, आणि तोवर ज्याला त्याला वाटत होतं, शेजाऱ्याकडे कोरडं आहे.

आणि मग उत्तरेचा वारा सुटला. पाणी होड्यांवर चढलं, होड्या ओलांडून खांबांशी आलं. तोकने हाक दिली. पाण्याला सगळ्यात जवळचं घर पहिलं उचलायचं, आणि ते होतं जुसोहचं. कुठे न्यायचं, हे कुणी विचारलं नाही. भ्यालेली माणसं आधी हात चालवतात. आई आत बसली, मडक्यात विस्तव घेतला. बांबू बांधले. गावाने खांदा लावला.

घर उठेना. झावळ्यांचं घर असतं तर फुलासारखं उठलं असतं, आता वर कौलं होती, जाड फळ्या होत्या, नक्षीचं दार होतं. माणसांच्या माना वाकल्या. कसंबसं उठलं. एक पाऊल, थांबा. आणखी एक पाऊल. मागून लाटा पोटऱ्यांना झोंबत होत्या.

वरून आईने विचारलं, "आलं का रे आपलं अंगण?"

मधल्या खांबाखाली जुसोह होता. तो म्हणाला, "येतंय, आई."

आणि कुंपण आलं. घर थांबलं. राखणदारांनी भाले आडवे धरले. व्यापारी माडांमधून पुढे आला. त्याचा आवाज चढला नाही, तो रागावलाही नाही. तो म्हणाला, "ठेवा की. मी कुठे नको म्हणतो? पण माझ्या जमिनीवर उभं राहील ते घर माझं, आणि त्या घरात राहील तो माझा माणूस."

सगळा गाव घर खांद्यावर घेऊन उभा राहिला. पुढे काटे, मागे समुद्र, आणि ते घर टेकवायला त्या अख्ख्या पृथ्वीवर वीतभर जागा नाही. पाणी गुडघ्याला आलं. एकाचा पाय सरकला, तसं घर कलंडलं, आणि खालच्या माणसांच्या तोंडून जे निघालं त्याला शब्द म्हणता येणार नाही.

"थांबलात का? आलं का अंगण?" आईने पुन्हा विचारलं.

समुद्राला जुसोह भ्याला होता, राजाला भ्याला होता, पण या प्रश्नाएवढा कशालाच भ्याला नव्हता.

"अंगण नाही, आई. मी ते विकलं. सगळ्यांना विकायला लावलं."

वरून आईचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

"मग मला खाली घे. आणि लोकांचे खांदे सोडव. एका घरापायी गाव बुडवायला मी तुला वाढवलं नाही."

त्यांनी तिला उतरवलं. जुसोहने तिला पाठीवर घेतलं. घर होतं तिथेच पाण्यात ठेवलं. लाटेने आधी त्याला नुसतं हलवून बघितलं, मग खांब मोडले, मग कौलं एकेक करून पाण्यात पडू लागली. तोवर मागे देरामानच्या दाराला पाणी लागलं होतं. त्याच्या घराला खांदा लावायला कुणी गेलं नाही. न्यायचं कुठे? अंधार पडायच्या आत गाव नव्हतं.

माणसांना कुंपणातून आत यायला मुभा मिळाली, पण व्यापाऱ्याच्या अटीवर. त्यांनी माडांखाली खोपटी बांधली, त्याचे नारळ पाडले, त्याचे काथ्याचे दोर वळले. ज्या कोळ्यांनी कधी वाऱ्यालाही विचारलं नव्हतं, ते रोज सकाळी कुंपणाशी रांग लावून समुद्रावर जाण्याची परवानगी मागू लागले. कधी मिळे. बहुतेक वेळा मिळत नसे. जुसोह त्या रांगेत सगळ्यात मागे उभा राही.

म्हणून सांगते, लहानांनो आणि थोरांनो: ऐकीव भीतीपोटी उद्याची जागा विकू नये, कारण खरी भीती दाराशी येते तेव्हा पाय टेकायला तीच जागा लागते.