रस्ता की चिखल?

बोरवंडीची सगुणाबाई पिकअपला साखळी लावून रुतलेले ट्रक ओढून काढायची. कुणापुढं वाकणं मात्र तिला ठाऊक नव्हतं. गावात नवा रस्ता झाला, तेव्हा कंत्राटदार दिगंबररावानं तिला भर चौकात दम दिला, "उद्घाटनाआधी तुझा खटारा या रस्त्यावर दिसला, तर फोडून टाकीन!"

उद्घाटनाच्या सकाळी पावसाची एकच सर आली आणि दिगंबररावाचाच डंपर त्या रस्त्यात चाकं बुडेपर्यंत रुतला. खडी ओतून रिकामा केला तरी हलेना. झक मारत त्यानं सगुणाबाईला बोलावलं. तिनं पिकअप कडेलाच उभी केली.

"बघतेस काय? ओढ की!"

"आधी या चार लोकांसमोर सांगा, हे काय आहे? रस्ता असेल, तर तुमच्याच हुकुमानं मला येता येत नाही. चिखल असेल, तर आत्ता येते."

लांबून उद्घाटनाला येणाऱ्या आमदारांच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. दिगंबरराव घाईघाईनं पुटपुटला,

"चिखल आहे, बाई!"

"मोठ्यानं."

"चिखल आहे!"

सगुणाबाईनं साखळी अडकवली आणि डंपर बाहेर ओढला. मग खिडकीतून म्हणाली, "चिखलातला डंपर मी काढला. आता या चिखलाचा रस्ता तुम्ही करा. फीत तोवर गुंडाळून ठेवा."