न फिटलेले सुवेर

बोरवंड आणि शेखवाडी या दोन गावांमधल्या माळावर ही काळ्या दगडाची घुमटाची इमारत उभी आहे. तिला दारे दोन, एकेका गावाकडे तोंड केलेली. आत खुशाल या, पण नारळ फोडू नका. इथे पूजा होत नाही, फातेहाही होत नाही. इतकी देखणी वास्तू रिकामी कशी, असे पाहुणे विचारतातच. त्याची गोष्ट अशी सांगतात.

बोरवंडकर म्हणत, हे आमच्या देवीचे देऊळ. शेखवाडीकर म्हणत, हा आमच्या पिराचा तकिया. आत मूर्ती नाही, मजार नाही, नुसता चौथरा. पुरावा कुणाकडेच नव्हता, हट्ट मात्र दोघांकडे गाडाभर. तीन वर्षांत चार डोकी फुटली. शेवटी परगण्याचा देशमुख वैतागला. तुला ना मला, घाल कुत्र्याला, या न्यायाने त्याने हुकूम सोडला की इमारत पाडा आणि दगड निम्मे निम्मे वाटून घ्या. आणि अक्कल बघा, दोन्ही गावे पहारी घेऊन हौसेने आली!

त्याच सकाळी धुरपा सुईण आपल्या लेकीला, सगुणाला, बैलगाडीतून माहेरी आणत होती. दोन्ही गावांतल्या निम्म्या माणसांच्या नाळी धुरपाने कापलेल्या. पण पोटच्या लेकीची दोन बाळे तिच्याच हातांत न रडता गेली होती, आणि हे तिसरे. माळावर येताच सगुणाला कळा सुरू झाल्या. वर ऊन, आसपास एक झाड नाही. धुरपाने गाडी थांबवली आणि पहारींच्या मधून लेकीला आत नेले.

“ए बाई, भाईर निघ! भिंत पडंल आंगावर,” देशमुख ओरडला.

“कोण पाडतंय बघू,” धुरपा आतून म्हणाली. “तुमच्या नाळी म्याच कापल्यात रं!”

पहारी थबकल्या. मूल आले, म्हणे, पण रडेना. धुरपाने त्याला उलटे धरले, पाठीवर थापट्या मारल्या. काही नाही. मग तिने ते चौथऱ्यावर ठेवले. कोणत्या देवाचे नाव घ्यावे हेच तिला सुचेना.

“ज्या कुणाचं हे घर आसंल,” ती म्हणाली, “त्यानं ह्याला रडीव.”

असे सांगतात की आधी घुमट रडला, मग मूल. तो आवाज दगडादगडातून फिरला, दोन्ही दारांतून बाहेर पडला, आणि कोसभरावरच्या गावांत घरी राहिलेल्या बायका उंबऱ्यात आल्या. बाहेर एकाच्याही हातात पहार उरली नाही. धुरपा नातवाला छातीशी धरून हमसून हमसून रडत होती.

मग ती दारात आली ती एवढेच सांगायला, “सुवेर लागलंय. आता ह्या दगडाला कुणी शिवायचं न्हाई.”

बाळंतपणाचा हा विटाळ फिटेपर्यंत पूजा करत नाहीत, आणि बाळंतिणीच्या घराला पहार तर कुणीच लावत नाही. बोरवंडकरांनी दहा दिवस धरले, शेखवाडीकरांनी सव्वा महिना, आणि त्यावरही भांडलेच. पण दहावा दिवस उलटायच्या आत बोरवंडची एक अडलेली बाई आली, तिच्यामागे शेखवाडीची. एक फिटायच्या आत दुसरे लागे, सुवेर काही फिटेना. देशमुखाचा हुकूम तसाच राहिला.

आजही ते फिटलेले नाही, असे दोन्ही गावे मानतात. बाळंतपणे आता तालुक्याच्या दवाखान्यात होतात. दर मंगळवारी नर्सबाई लस टोचायला मात्र इथेच बसतात. सुई लागताच पोर टाहो फोडते, घुमट घुमतो, आणि दारांशी बसलेली दोन्ही गावांची म्हातारी माणसे उठून उभी राहतात.