अकरा सह्यांचा कागद

सारखं टुमणं लावलंय म्हणून सांगतो. एकदाच. मधी कुणी बोलायचं नाही.

"अकरा सह्या मोजून दिल्या होत्या. मग खाली ही फुली आली कुठून?"

पुण्याचा साहेब होता. नूरबाबांच्या तकियात चपला न काढताच शिरला.

बाबा फकीर, तकिया म्हणजे त्यांची मठी. फाटके जुने कागद सांधायचे. मी झाडलोट करायचो, खळ शिजवायचो. साहेबाला नाद अमेरिकेतल्या जुन्या सह्यांचा. दोनशे वर्षांपूर्वीचे तिथले पंच, कारकून, कोतवाल... कुणाची का असेना, सही दिसली की कागद विकत घ्यायचा. खरी सही ओळखायला तीन वर्षं बाबांकडं शिकत होता. आता तोरा असा, की जणू बाबाच त्याचे चेले.

हा कागद म्हणजे तिथल्या एका गावानं आपल्याच न्यायाधीशाविरुद्ध केलेली तक्रार. सांधायला आठ दिवस आमच्याकडं होता.

"या म्हसूनं ओढली फुली," साहेबानं माझ्याकडं बोट केलं. "अडाणी माणूस. दुसरं काय येतंय त्याला?"

"मी हात नाही लावला," मी म्हटलं.

"चोर असंच म्हणतो. बाबा, याला हाकला. नाहीतर मी परत यायचा नाही."

मला दुसरीकडं कुठं थारा नव्हता. बाबांना ते ठाऊक होतं.

बाबांनी कोरा कागद पुढं सरकवला.

"लिही. फुली म्हसूनं ओढली. खाली सही कर. आत्ता हाकलतो."

साहेबानं झोकात पेन काढलं. ओळ लिहिली. मग थांबला...

"सही कशाला? नुसता संशय आहे माझा. उद्या खोटं निघालं तर मीच अडकायचा!"

बाबांनी जुना कागद उचलून पालथा केला. जुनी शाई कागद खात खात मागं उतरते, तपकिरी पडते. अकरा सह्यांचे अकरा डाग. बारावा फुलीचा. तसाच, तेवढाच जुना.

साहेब बघत राहिला... फुलीला त्यानं कधी सहीत धरलंच नव्हतं, म्हणून मोजताना ती दिसलीही नव्हती.

"मग ही... कुणाची, बाबा?"

"लिहिता येत नव्हतं, त्याची." बाबांनी पेनाचं टोपण त्याच्या हातात ठेवलं. "तुला येतं."

साहेब उठला, गेला. मला एक शब्द नाही. माफी अजून यायचीय. साहेबाचं नाव यशवंत टिपणीस.