समासातली नावं

“हेच पुस्तक मला विसाव्या वर्षी का नाही मिळालं, बुवा?”

बर्गे सरांनी पुस्तक दोन्ही हातांनी वर धरलं होतं. शाळेत प्रार्थना झाली, की मुलांपुढे ते असंच धरायचे. माणसाने कसं वागावं, कसं बोलावं, राग कसा आवरावा, सगळं त्या एका पुस्तकात होतं. सरांना ते लाभलं अडतिसाव्या वर्षी. आता सर साठीचे होते आणि पुस्तकाचा पुठ्ठा लोंबत होता.

गंगाबुवांनी मान वर केली नाही. टेकडीवरच्या मठात ते एकटेच राहत. मठातल्या पोथ्या शिवता शिवता त्यांचा हात बसला होता, म्हणून पंचक्रोशीतली फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची. फाटलेली माणसंही यायची. बुवा दोघांना सारखंच उसवतात, असं गावात म्हणत.

“मिळालं असतं, तर काय केलं असतं?”

सरांना प्रश्न आवडला. जन्म मास्तरकीत गेलेला, उत्तर जिभेवरच असायचं.

“लोकांना लवकर सांगितलं असतं! कितीतरी जण सुधारले असते. आमचे धाकटे बंधू, शाळेतले शिक्षक, माझा मुलगा...”

मुलापाशी येऊन गाडी थांबली.

“मुलाचं काय?”

“तुषार. एसटीने दोन तासांवर राहतो. आई गेल्यापासून घरी आला नाही... तीन वर्षं झाली. आता त्याला मुलगी झाली. बारसं झालं. मला...”

मला बोलावणं नव्हतं, हे काही त्यांच्या तोंडून निघेना. बातमी शेजारच्या घैसासांनी दिली होती, हातावर पेढा ठेवत. सरांनी पेढा खाल्ला होता आणि वर ‘हो हो, माहीत आहे’ असंही म्हटलं होतं. ते आठवून आत्ताही त्यांचे कान तापले.

“तर ठरवलं, हेच पुस्तक नव्याने बांधून त्याला पाठवायचं. मला उशीर झाला, त्याला तरी होऊ नये. लाल कापडात बांधा, छानसं.”

बुवांनी पुस्तक घेतलं. दाभणाने उरलासुरला दोरा उसवला, पानांचे जुडगे सुटे केले आणि त्यातला एक सरांपुढे ठेवला.

“वाचा की, मास्तर.”

सरांनी घसा खाकरला. “राग आला असता मनुष्याने प्रथम...”

“छापलेलं न्हाई. कडंचं.”

समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर सरांचंच, मोत्यासारखं.

“विनायक,” सरांनी वाचलं. “म्हणजे आमचे धाकटे बंधू. फार तापट.”

“फुडं?”

“सुनंदाला दाखवणे.”

“ह्या कोण?”

“माझी... तुषारची आई.”

“फुडं?”

“कदम गुरुजी... पुन्हा विनायक... तुषार... घैसास... तुषार...”

आवाज खाली खाली येत गेला. पान उलटलं, की नाव. रागाच्या त्या प्रकरणात सुनंदाचं नाव तीनदा होतं. एका संध्याकाळी तिने पातेलं आदळलं होतं आणि सरांनी तेच पान तिच्यापुढे उघडून धरलं होतं. पदराला हात पुसून तिने मुकाट्याने ते वाचलं होतं. पातेलं आदळण्याआधी भरलं ताट कुणी ढकललं होतं, ते सरांना आज पहिल्यांदा आठवलं.

“शेवटापत्तुर बघा. एक नाव सापडतंय का.”

कुठलं, ते बुवांनी सांगितलं नाही. सरांनी भराभर सगळी पानं चाळली. सगळं घर, सगळी शाळा, निम्मी आळी त्या समासात नांदत होती. स्वतः मुकुंद बर्गे तेवढे कुठे नव्हते.

आपण पुस्तक वाचत होतो, की हजेरी घेत होतो?

माझं चुकलं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. बाहेर आलं ते भलतंच.

“पेन्सिलीचं आहे. पुसून जाईल.”

“जाईल की.”

बुवांनी फळीवरून शिळ्या पावाचा तुकडा काढून दिला. जुना कागद रबराने फाटतो, म्हणून त्यावरची पेन्सिल ते पावाच्या गरानेच उतरवत.

“पर ज्यानं लिवलं त्यानंच पुसायचं. मठाचा नेम हाय.”

सर मांडी घालून बसले. आयुष्यभर दुसऱ्याला फळा पुसायला लावत आलेला माणूस स्वतः पुसू लागला. काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. काही नावं इतकी दाबून लिहिली होती, की शिसं गेलं तरी कागदावर खाच राहत होती. विनायक गेला. कदम गुरुजी गेले. सुनंदाच्या नावावरून मात्र त्यांनी हात हलकेच फिरवला.

ऊन उंबऱ्यापर्यंत आलं. बुवा पुठ्ठा मापत होते.

‘ऐकून घेणे’ हे प्रकरण आलं. समासात दोन रेघा मारून लिहिलं होतं : ‘तुषार, हे दोनदा वाच!’

सरांनी पाव घासला. चुरा झटकायला पान तिरपं केलं, तेव्हा आतल्या कडेला, आजवर शिवणीत दडून राहिलेली, आणखी एक ओळ दिसली. बारीक, गोल अक्षर होतं.

‘बाबा, मी दोनदा वाचलं. मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही कधी मोकळे असता?’

खाली सही : तुषार मुकुंद बर्गे, ७ वी ब.

सरांचा हात थांबला.

त्या वर्षीची जेवणं त्यांना आठवली. पोरगं चार-पाच दिवस रोज विचारत होतं, “बाबा, तुम्ही ते पुस्तक बघितलंत का?” आणि ते सांगत होते, “मला पाठ आहे ते. तू बघ.” सहाव्या दिवसापासून त्याने विचारणं सोडलं. पोराला वळण लागलं, असं सर तेव्हा सगळ्यांना सांगत होते.

पाठच होतं पुस्तक. हवेत धरण्यापुरतं पिशवीतून निघायचं. उघडलं तर दुसऱ्याला दाखवायला; स्वतःसाठी उघडायची वेळ म्हणून कधी आली नव्हती.

काय बोलायचं होतं त्याला? सातवीतल्या मुलाचं असं काय अडलं होतं, जे बापाला तोंडावर सांगता येईना, कडेला लिहावं लागलं?

सरांनी ओळीवर तळवा झाकला. बुवा बघतील म्हणून. मग लक्षात आलं, की बुवा बघतच नव्हते, आणि तरीही लाज काही कमी होत नव्हती. ती त्या पेढ्यासारखी घशात बसली होती. अशी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. वाटायला हवी होती, तेव्हाही नाही.

“बुवा...”

“हं.”

“हे एक... माझ्या अक्षरातलं नाही.”

“मग ते पुसायचं तुमच्याकडं न्हाई.”

सरांनी ओळ वाचून दाखवली. मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती, पण शेवटच्या तीन शब्दांना आवाज पुरला नाही.

बुवांचा हात पुठ्ठा चिकटवायच्या खळीच्या भांड्यात तसाच राहिला...

“बावीस वर्षं झाली याला,” सर म्हणाले. “पोरगं विचारून बसलं होतं, आणि मी उशिराचं खापर पुस्तकावर फोडत होतो.”



सरांनी पायाशी पडलेली बुवांची पेन्सिल उचलली. त्या ओळीखाली बोटभर जागा कोरी होती. टोक कागदाला टेकलं. इतक्या जणांना इतकं लिहून दिलेल्या माणसाला एक शब्द सुचेना.

“काय लिहू, बुवा? तुम्ही सांगा. मी तसंच लिहितो, तुम्ही चांगलं बांधून द्या, उद्याच्या टपालाने...”

बुवांनी हात पुसले. सरांच्या बोटांतून पेन्सिल अलगद काढून घेतली आणि आपल्या कानामागे खोवली. ते एक पान दुमडून सरांच्या सदऱ्याच्या खिशात घातलं. बाकीचं पुस्तक उसवलेलंच बाजूला ठेवलं आणि टेकडीखालच्या एसटीच्या रस्त्याकडे बघितलं.

“आज काय काम हाय का तुमास्नी, मास्तर?”