सारथ्याचा टिळा

एका राज्यात धुक्याचे घोडे जुंपलेले रथ धावत. त्यांना सारथी नव्हता. धूम्रनाथ मांत्रिकाने ते राजाला घडवून दिले होते आणि राजा ते पाहुण्यांना मिरवून दाखवी. कायदा जुना होता, साधा होता. चौकात लाल निशाण चढले की रथ थांबवावा. जो सारथी थांबणार नाही, त्याने उन्हात निशाण धरून उभे राहावे. कित्येक गरीब सारथी असे उभे राहून करपले. धुक्याचे रथ मात्र निशाण तुडवून जात, आणि कुणाचा केसही वाकडा होत नसे.

हौसा माळिणीची उपवर लेक मंजुळा निशाण चढलेले पाहूनच चौक ओलांडत होती. रथ तिच्या अंगावरून गेला. पोर जागच्या जागी शिळा झाली. त्या रथांना शापच तसा होता: त्यांच्याखाली जो मरे त्याची शिळा होई, आणि ‘सारथी मी’ असे कुणी कबूल करीपर्यंत ती फुटत नसे. नगराला शिळांची सवय झाली होती. मंजुळेच्या खांद्यावर कुणीतरी ओला पंचा वाळत घातला होता.

हौसा दरबारात गेली. “महाराज, माझ्या लेकीला न्याय द्या.”

“गुन्हेगार कोण?”

“मी रथ घडवला, हाकला नाही,” मांत्रिक म्हणाला.

“आम्ही परवाना दिला, रथ हाकला नाही,” प्रधान म्हणाला.

राजा म्हणाला, “बाई, लगाम आण, चाबूक आण, सारथी आण. मग शिक्षा देऊ.” दरबार गालातल्या गालात हसला. मेल्या पोरीपेक्षा त्यांना तो विनोद मोठा वाटला.

हौसा शिळेपाशी येऊन बसली. शिळेवरची साळुंकी म्हणाली, “बाई, शिळा फुटली तरी पोर उठायची नाही.”

“ठाऊक आहे. पण दगडाला अग्नी देता येत नाही गं. वाट सांग.”

“चौकातली धूळ उधळ.”

धावत्या रथावर हौसाने धूळ उधळली. धूळ बसताच अदृश्य लगाम दिसला, थेट राजवाड्याकडे गेलेला. तिने फुलांच्या कात्रीने त्याचा तुकडा कापला.

“आता वेशीखाली खण.”

नखे फुटेस्तोवर तिने खणले. खाली एक शंख होता. त्यात मांत्रिकाचा आवाज कोंडलेला होता: “थांबू नका, थांबू नका.” हाच चाबूक.

“आणि सारथी?”

“तो शोधून सापडायचा नाही,” साळुंकी म्हणाली. “मान घ्यायला बोलाव, धावत येईल.”

रथपूजेचा सण आला. रथाची पूजा झाली की सारथ्याला टिळा लावायचा, नारळ द्यायचा, ही तिथली रीत. पण सारथीच नाहीत म्हणून ती बंद पडलेली. भरल्या सभेत हौसा तबक घेऊन उभी राहिली.

“महाराज, टिळा राहिलाय. एवढे अद्भुत रथ ज्याच्या कर्तबगारीने धावतात, त्याने पुढे यावं.”

प्रधान अर्धा उठला. राजाने मुकुट सावरला. धूम्रनाथाने दोघांना मागे सारले.

“सारथी मी! एकेक घोडा माझ्या बोटावर धावतो.”

हौसाने त्याला टिळा लावला. मग तबकातल्या फुलांखालून तिने लगाम आणि शंख काढून राजापुढे ठेवले. शंख बोलला. लगाम उडाला आणि मांत्रिकाच्या बोटांना घट्ट आवळून बसला. नगरभर रथ जागीच थांबले, घोडे विरून गेले, शिळा फुटून आतले देह मोकळे झाले.

गुन्हेगार महाराजांनीच शोधला, अशी दवंडी लगेच पिटली गेली. धूम्रनाथाला निशाण देऊन चौकात उभे केले. राजाला आणि प्रधानाला कुणी काही विचारले नाही. खरे घोडे आले, खरे सारथी आले. मंजुळेच्या खांद्यावरचा पंचा कुणीतरी गुपचूप काढून नेला होता.

तिरडी निघाली. अग्नीचे मडके हौसानेच धरले. चौकात समोरून रथ भरधाव येत होता. धूम्रनाथाने मान खाली घालून लाल निशाण वर केले. सारथ्याने लगाम खेचला आणि रथ थांबला.

हौसा त्या थांबलेल्या चाकांकडे बघत राहिली.

“एवढंच तर करायचं होतं,” ती म्हणाली, आणि लेकीला घेऊन चौक ओलांडून गेली.